गट बदलते का वं?

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पोरांनी शाळेच्या वऱ्हांड्यात रक्तगट तपासणी ठेवली होती. पाऊस नुकताच उघडला होता, पत्र्यावरून अजून थेंब गळत होते आणि समोरच्या वावरातून शेंगा भरत आलेल्या सोयाबीनचा ओला, थोडा आंबूस वास येत होता. तालुक्याच्या लॅबमधून एक विशीतला पोरगा आला होता. टेबलावर पांढरी टाइल आणि तीन छोट्या बाटल्या, एक निळी, एक पिवळी, एक बिनरंगाची. शाळेच्या ओळखपत्रावर गट लिहायचा म्हणून पोट्टे रांगेत उभे होते आणि सुई पाहिली की रांगेच्या मागे जाऊन उभे राहत होते. म्हातारी माणसं फुकट आहे म्हणून आली होती. मोठी मायही आली, माझ्या मोठ्या काकांची बायको. वय ७८. साखर मोजून मोजून तिच्या बोटांची टोकं निबर झालेली, त्यामुळे पहिल्या टोचणीत रक्तच येईना. दुसऱ्यांदा टोचल्यावर आलं. पोरानं टाइलवर तीन ठिकाणी थेंब ठेवले, काडीनं फिरवले, टाइल जरा हलवली. निळ्यातला थेंब तसाच गुळगुळीत राहिला. पिवळ्यातला मात्र आमच्या डोळ्यांदेखत रवाळ झाला, मग त्याचे कण झाले, मग लाल चुरा पाण्यात पसरावा तसं दिसायला लागलं.

मोठी माय वाकून पाहत होती. "अन् हे फाटून काऊन राह्यलं वं, नासलेल्या दुधावानी?"

मी ३१ वर्षं तालुक्याच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं आहे. मला हा प्रश्न विचारणारे बरेच विद्यार्थी भेटले, फक्त त्यांच्या प्रश्नात दूध नसायचं. मी म्हणाले, "बाटलीत एक प्रोटीन असते मोठी माय, ते रक्तातल्या पेशीवरच्या साखरेले धरून ठेवते. दोन हातानं दोन पेशी. मंग त्याहिचा गोळा होते."

"साखरेले?"

"हो."

ती थोडा वेळ त्या थेंबाकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग माही शुगर वाढली त गट बदलते का वं माहा?"

लॅबचा पोरगा फस्सकन हसला. रांगेतले पोट्टे हसले. मंडळाचा अध्यक्ष, जो स्वतः रक्त बघून खुर्चीत जाऊन बसला होता, तोही हसला. मीही हसले. मोठी मायनं पदर सावरला, बी पॉझिटिव्ह लिहिलेलं कार्ड कमरेच्या पिशवीत घातलं आणि कापूस बोटाला दाबत शाळेच्या पायऱ्या उतरून गेली. ती रागावली नव्हती. ७८ वर्षांत तिच्या प्रश्नांना लोक बऱ्याचदा हसले असतील, त्याची तिला सवय आहे. पण ती पुढं काही विचारायची थांबली, हे मला दिसलं.

रात्री लाइट गेली. अंगणात बेडूक ओरडत होते, मच्छरदाणीत गरम होत होतं, आणि मला झोप येईना. कारण तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता. वाक्य भाबडं होतं, प्रश्न नव्हता. माणसाच्या पेशीवर साखर आहे, ती साखर म्हणजेच गट, आणि माझ्या रक्तात साखर वाढते. मग या दोन साखरांचा एकमेकींशी संबंध काय, असं ती विचारत होती. असा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला कधी विचारला नाही. ते रक्तगट एका धड्यात शिकत आणि मधुमेह दुसऱ्या, दोन्हीची उत्तरं पाठ करत. दोन धडे एकाच पेशीवर येऊन भेटतात हे त्यांच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर मीही कधी आणून दिलं नाही.

आणि मग अंधारात मला एक नाव आठवलं, जे मी कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं.

एम. एस्सी.ला मी नागपुरात होते. डिपार्टमेंटच्या ग्रंथालयात जुन्या जर्नल्सचे बांधीव खंड होते, कातडी पाठीचे, उघडले की वाळवीच्या औषधाचा आणि जुन्या डिंकाचा वास यायचा. तिथं मी पहिल्यांदा डब्ल्यू. एम. वॉटकिन्स हे नाव वाचलं. एका निबंधावर, मग दुसऱ्या, मग ते नाव दिसलं नाही असा खंडच सापडेना. बहुतेक वेळा सोबत डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन. मी दोघांनाही पुरुष धरून चालले होते. एकदा सरांशी बोलताना मी म्हणाले, "वॉटकिन्सनी त्यांच्या निबंधात..." तर सर फळ्यावरून वळून म्हणाले, "तिच्या. विनिफ्रेड आहे ती." त्या दिवशी मला जे वाटलं ते नेमकं काय होतं, मला अजून सांगता येत नाही. आनंद होता, पण त्यात थोडी लाजही होती, की मीच, एक मुलगी असून, तिला पुरुष करून टाकलं होतं.

ती १९२४ साली लंडनमध्ये जन्मली. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, शाळा संपवून लिस्टर इन्स्टिट्यूट या तिथल्या संशोधन संस्थेत आली. मॉर्गन तिथं रक्तगटांच्या रसायनाच्या मागे लागले होते. तेव्हाची स्थिती अशी: कार्ल लँडस्टायनर यांनी गट दाखवून दिल्याला ४० वर्षं होऊन गेली होती, त्यांना नोबेल मिळून गेलं होतं, दवाखान्यांत गट बघून रक्त चढवलं जात होतं. पण ए म्हणजे काय, बी म्हणजे काय, हे कुणाला माहीत नव्हतं. पेशी गोळा होते एवढं दिसत होतं, काय धरून गोळा होते हे नाही. मोठी मायचा पहिला प्रश्न, फाटून काऊन राह्यलं, जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांत त्या वेळी अनुत्तरितच होता.

अडचण साधी होती. लाल पेशीच्या पृष्ठभागावर हा पदार्थ इतका थोडा, आणि पेशीच्या आवरणात असा रुतलेला, की तो वेगळा काढून तपासण्याएवढा हाती लागत नव्हता. मग मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी तो भलतीकडूनच मिळवला. बायकांच्या बीजाशयात कधीकधी गाठी होतात, त्यांत द्रव भरतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा गाठीतला द्रव फेकूनच द्यायचा असतो, आणि त्यात गटाचा पदार्थ विरघळलेल्या रूपात भरपूर असतो. अशा गाठीतून आलेल्या चिकट, बुळबुळीत पाण्यातून त्यांनी ग्रॅमवारी गटाचा पदार्थ काढला. त्यात बहुतांश भाग साखरांचा, आणि त्या साखरा प्रथिनाच्या एका दोऱ्याला लटकलेल्या. ग्लायकोप्रोटीन. हा शब्द आला की वर्गात पोरांच्या चेहऱ्यावर पडदा पडायचा. म्हणून मी सांगायचे की बाबांनो, ग्लायकोप्रोटीन म्हणजे शेंबूड. लाळ. आतड्यावरचा बुळबुळीत थर. प्रथिनावर साखरांची दाटी झाली की त्या पाणी धरून ठेवतात, आणि बुळबुळीतपणा येतो. मागच्या बाकावरचे हसायचे, पण ती व्याख्या कुणी विसरलं नाही. मला वाटतं, माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत टिकाऊ असं काही मी दिलं असेल तर ते हेच.

आता, पदार्थ मिळाला. त्यात साखरा चार-पाच प्रकारच्या. यातली ए गटाची नेमकी कोणती आणि बीची कोणती? तोडून मोजली तर ए आणि बी दोन्ही पदार्थांत साखरा जवळजवळ त्याच निघत. इथं वॉटकिन्सनं जे केलं ते मला आजही फार आवडतं, कारण ते शेतातलं वाटतं. डवरणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात. बैल चालतो, डवरा ओढतो, पण दोन्ही बाजूंच्या पिकाला तोंड लावू शकत नाही. तिनं पेशी गोळा करणारं द्रव घेतलं आणि त्यात आधी एकेक साधी साखर सुटी घालून पाहिली. ज्या साखरेनं गोळा करणाऱ्या प्रथिनाचं तोंड बंद होतं, मग ते पेशीला धरत नाही, तीच साखर पेशीवरही असणार. वामेसारख्या लांबुळक्या ईल माशाच्या रक्तात ओ गटाच्या पेशी गोळा करणारं काही असतं. १९५२ मध्ये त्यांनी दाखवलं की फ्यूकोज नावाची साखर घातली की ते थांबतं. दुसऱ्याच वर्षी झाडांच्या बियांतल्या अशाच द्रव्यांवर हाच प्रयोग. मग जनावरांत गर्भपात घडवणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची पाचक द्रव्यं वापरून तोच प्रश्न उलट बाजूनं: गट नष्ट करणाऱ्या द्रव्याचं तोंड कोणत्या साखरेनं बंद होतं? उत्तरं जुळली. बीचं टोक म्हणजे गॅलॅक्टोज. एचं टोक म्हणजे गॅलॅक्टोजचीच जरा वेगळी बहीण, एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसअमाइन. आणि दोघींच्या शेजारी फ्यूकोज. ज्यावरून एक गाव दुसऱ्या गावाला रक्त देऊ शकतं किंवा शकत नाही, तो फरक साखळीच्या टोकाच्या एका साखरेवरच्या एका बारीकशा फाट्याचा.

बियांवरून आठवलं. आपल्याकडं कुळथी फारशी कुणी खात नाही, मुतखडा झाला की काढा करतात. पण कुळथीच्या दाण्यात ए गटाच्या पेशी गोळा करणारं प्रथिन असतं, आणि ते ए गटातलेही दोन पोटभेद ओळखतं. भारतात असताना लष्करी डॉक्टर जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये हे लिहिलं, आणि रक्तपेढ्यांत कुळथीचा अर्क आजही त्या कामाला येतो. पुढं त्यांनीच शेंगदाण्यातही असं एक प्रथिन शोधलं. सगळ्यात पहिलं सापडलं ते एरंडाच्या बीत, १८८८ मध्ये, मग गुंजेत. म्हणजे बांधावरचा एरंड, कुंपणावरची गुंज जिनं सोनार सोनं तोलायचे, शेंगदाणा, वावरातलं सोयाबीन. सोयाबीनमधलं असलं प्रथिन स्वतःच ग्लायकोप्रोटीन आहे हे इस्रायलच्या नेथन शेरॉन आणि हलिना लिस यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. आमच्या पंचक्रोशीत ज्वारी मागं पडून सोयाबीन आलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. भावाची, रोगाची, पावसाची चिंता करत आम्ही जे पेरतो त्याच्या दाण्यात कुणाची तरी पीएचडी झालेली आहे, याचं मला अधूनमधून हसू येतं.

माझीही व्हायची होती.

मी वालावर काम करत होते. बिया घरूनच आणलेल्या, गोठ्यामागच्या कुंपणावर चढलेल्या वेलाच्या. मोठी मायनंच फडक्यात बांधून दिल्या होत्या आणि म्हणाली होती, "नागपुरात वाल भेटत नाही का वं?" दाणे दळायचे, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचे, गाळायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, अमोनियम सल्फेटनं साकळवायचे. मग खळग्याखळग्यांची प्लास्टिकची प्लेट घेऊन प्रत्येक खळग्यात अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जायचा आणि वर लाल पेशींचा एकेक थेंब. तासाभरानं पाहायचं. पेशी गोळा झाल्या नसतील तर तळाशी लाल बटण बसतं, नीट गोल. गोळा झाल्या असतील तर चादर पसरते. पहिल्यांदा मॅनोज साखर घातलेल्या ओळीत चादर गेली आणि एकामागून एक बटणं दिसली, तेव्हा मी रात्री ८ वाजता रिकाम्या कॉरिडॉरमध्ये उगाचच दोन फेऱ्या मारल्या. बाहेर वॉचमननं विचारलं, "मॅडम, काही हरवलं का?"

दुसऱ्या वर्षाच्या मध्यात बाबांना अर्धांगवायू झाला. शिष्यवृत्तीचे पैसे नऊ महिने आले नव्हते, का आले नव्हते ते आजवर कुणी मला धड सांगितलेलं नाही. मी गावी आले ती तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले, आणि मग तिथंच राहिले. शकुंतला तेव्हा चालायची; दारव्ह्याहून मुर्तिजापूरकडं जाणारी ती छोटी गाडी इतकी हळू जायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. तिच्यात बसून मी कितीतरी दिवस मनात त्या प्लेटच्या पुढच्या ओळी भरत असे. नंतर भरणं थांबलं. केव्हा थांबलं ते लक्षात नाही, आणि तेच जास्त लागतं.

वॉटकिन्सबद्दल मला जे वाटायचं ते यासाठी. तिनं कामाला सुरुवात केली ती १८ व्या वर्षी आणि एकच प्रश्न ६० वर्षं हातातून सोडला नाही. तिच्याही खालची जमीन सरकलीच. लिस्टरच्या प्रयोगशाळा १९७५ मध्ये बंद पडल्या, तिला दुसरीकडं जावं लागलं, वय ५० च्या पुढं. तिथंही तिनं तेच चालू ठेवलं. हा हेवा आहे हे मला कळतं. आमच्या एका सहकाऱ्याला मी एकदा हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "मॅडम, तिला लंडन होतं." खरं आहे. पण लंडन तेव्हा पुष्कळांना होतं.

तिच्या कामातला जो भाग मला सगळ्यात थोर वाटतो तो मात्र सुरू होतो मुंबईहून. १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये एक छोटं टिपण आलं. त्यावर सात नावं: भेंडे, देशपांडे, भाटिया, सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. पहिली तीन मुंबईची. डॉ. य. मो. भेंडे यांना मुंबईत अशी माणसं आढळली होती ज्यांचं रक्त तपासलं तर ओसारखं दिसे, पण ओ रक्तच त्यांना चालत नसे. ए, बी, ओ, सगळ्या पेशींना त्यांचं रक्त गोळा करी. ओ म्हणजे ज्यावर ए नाही आणि बी नाही असा, सगळ्यांना चालणारा, असं आपण शिकलो. पण ओ पेशीही रिकामी नसते, तिच्यावर फ्यूकोज असते. या माणसांच्या पेशीवर तीही नव्हती. पुढं याला बॉम्बे ब्लड ग्रुप नाव पडलं. भारतात सुमारे १०,००० माणसांत एखादा असतो, आणि खेड्यातल्या कार्डावर तो ओ म्हणूनच लिहिला जातो, जोवर खास तपासणी होत नाही तोवर.

या माणसांनी एक विचित्र गोष्ट समोर आणली. त्यांच्या स्वतःच्या रक्तात ए किंवा बी दिसत नाही, पण तो त्यांच्या मुलांत उतरू शकतो. म्हणजे गुणसूत्रात तो आहे आणि पेशीवर नाही. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी १९५९ मध्ये जे मांडलं त्यानं ही गाठ सुटली. त्यांचं म्हणणं असं होतं: गुणसूत्रातला घटक साखर बनवतच नाही, तो फक्त प्रथिन बनवू शकतो. मग तो घटक बनवत असणार एक कारागीर, एक विकर (एन्झाइम), जो साखर आणून साखळीच्या टोकाला जोडतो. एचा कारागीर एक साखर जोडतो, बीचा दुसरी. ओ असणाऱ्याचा कारागीर नुसता बसून असतो. आणि या सगळ्यांच्या आधी एक कारागीर फ्यूकोज जोडतो. ती जोडली नाही तर पुढच्यांना काम करायला जागाच नाही. मुंबईच्या माणसांकडं एचा किंवा बीचा कारागीर हजर होता, पण खुंटीच नव्हती, तर टोपी टांगायची कुठं?

हे सांगितलं तेव्हा असा एकही कारागीर शुद्ध रूपात कुणी पाहिलेला नव्हता, त्याचा जीन, म्हणजे गुणसूत्रातला तो घटक, तर दूरच. १९९० मध्ये यामामोटो आणि सहकाऱ्यांनी तो जीन वाचला. एचा कारागीर आणि बीचा कारागीर ३५४ अमिनो आम्लांचे, आणि त्यांच्यात महत्त्वाचा फरक फक्त चार जागांचा. ओमध्ये एक अक्षर गळालेलं, त्यामुळं पुढचं सगळं वाक्य बिघडलेलं. मांडणी अगदी तशीच निघाली. वॉटकिन्स तेव्हा ६५ वर्षांची होती. रॉयल सोसायटीनं तिला १९६९ मध्ये सदस्य केलं होतं, १९८८ मध्ये रॉयल मेडल दिलं होतं. पण ३१ वर्षांपूर्वी कागदावर काढलेली वाट कुणीतरी डीएनएच्या अक्षरांत चालून दाखवतं, हे वाचताना तिनं चहा अर्धा ठेवला असेल का, असलं काहीतरी माझ्या मनात येतं. मॉर्गन १०२ वर्षं जगले आणि २००३ च्या फेब्रुवारीत गेले. तीही त्याच वर्षी गेली, ऑक्टोबरात.

तर मोठी मायची साखर. तिच्या फाइलमध्ये एक रिपोर्ट आहे, एचबीए-वन-सीचा, ज्याला आमच्याकडं तीन महिन्याची शुगर म्हणतात. ९ च्या वर आहे. ती साखर पेशीच्या आत असते, हिमोग्लोबिनला चिकटलेली. तिला कुणी जोडलेलं नाही, कारागीर नाही, बेत नाही. रक्तात जास्त झाली म्हणून चिकटून बसली, उघड्या गुळाच्या ढेपेवर धूळ बसावी तशी. पेशी मरेपर्यंत, म्हणजे १२० दिवस, निघत नाही. आणि बी गटाची साखर पेशीच्या बाहेर, कारागिरानं मोजून जागेवर बसवलेली. पेशीच्या आत धूळ आणि बाहेर नक्षी. पण नक्षीचं गॅलॅक्टोज शरीर बनवतं ते ग्लुकोजपासूनच! म्हणजे दोन्हींचा माल एकाच दुकानातला. फक्त कारागीर ठरलेलेच असल्यानं दुकानात माल वाढला म्हणून नक्षी बदलत नाही. गट बदलत नाही. हे सगळं मी तिला शाळेच्या वऱ्हांड्यात दोन मिनिटांत सांगू शकले असते.

आणि गट कधीच बदलत नाही, असंही छातीठोक म्हणता येत नाही. आतड्याच्या कर्करोगात किंवा जंतुसंसर्गात काही जंतूंचं विकर ए गटाच्या साखरेचा तो बारीक फाटाच उडवतं, आणि एचा माणूस काही दिवस टाइलवर एबीसारखा दिसतो. रक्तपेढीत काम करणाऱ्यांना हे माहीत असतं. लॅबच्या त्या पोराला माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला माहीत होतं. मी तरी हसले.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं गेले. घरात पुरणाची डाळ शिजत होती, आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ भिजवलेलं होतं, सून पडवळ चिरत बसली होती. मोठी माय दारातल्या बाजेवर हार ओवत होती. शेवंती महाग म्हणून झेंडू जास्त, मधे मधे गुलाबी तेरडा. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी तू इचारलं होतं ना, शुगरचं."

"काय इचारलं होतं?"

"गट बदलते का म्हणून."

"हां," ती म्हणाली. सुई चालूच. "बदलते का मंग?"

मी तिच्या हातातल्याच हाराचा एक तुकडा धरला. सांगितलं की पेशीवर अशा माळा असतात, सगळ्यांच्या सारख्याच, झेंडू-तेरडा, झेंडू-तेरडा. शेवटी एक गाठ मारायची, म्हणजे फुलं घसरत नाहीत. ती गाठ बहुतेक सगळ्यांना असते. आणि गाठीला लागून एक शेवटचं फूल. कुणी पांढरी शेवंती लावतं, तो ए. कुणी पिवळी लावतं, तो बी, तुझ्यासारखा. कुणी काहीच लावत नाही, नुसती गाठ, तो ओ. परडीत फुलं कितीही आली तरी शेवटचं फूल कोणतं लावायचं हे ओवणारीच ठरवते, आणि तुझी ओवणारी बीचीच आहे, तिला दुसरं येत नाही. म्हणून शुगर वाढली तरी गट तोच.

तिनं माझ्या हातातला तुकडा काढून घेतला, उलटा धरला, टोकाला बोट लावून पाहिलं.

"अन् गाठच नसन त?"

मी बघतच राहिले. सून पडवळ चिरायची थांबली.

"म्हणजे?"

"गाठ मारायची राह्यली त," ती म्हणाली. "शेवटचं फूल ओवलं तरी गयून जाईन ना वं. पाहनाऱ्याले कसं समजन पांढरं होतं का पिवयं? मंग त्याचा गट कोन्ता म्हनायचा?"

मी तिला मुंबईचं सांगायला सुरुवात केली. भेंडे म्हणून एक डॉक्टर होते, असं म्हणाले, आणि लंडनला एक बाई होती. तिनं दोन मिनिटं ऐकलं. मग आतून डाळ उतू गेल्याचा वास आला आणि ती म्हणाली, "दोरा दे इकडं, अन् तू पाय जाऊन चुलीकडं."

मी उठले.